डाव्या भिंतीची पडताळणी

उल्का बोंद्रेच्या माहेरच्या दिवाणखान्याची डावी भिंत शेवटची मागे सरकली ती एका बुधवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. दोन बोटं सरकली आणि थांबली. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

भिंत सरकण्याचं तिथं कुणाला नवल नव्हतं. उल्काचे वडील, आप्पा, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या बाजारांत काटे आणि वजनं तपासली; खरी निघाली त्यांच्यावर शिक्का मारला, खोटी निघाली ती जप्त केली. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले तेव्हा त्यांनी विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये दोन चांगले स्पीकर आणले, आणि आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं, की खोट स्पीकरांत नाही, खोलीत आहे. प्रत्येक खोली आवाजात आपलं काहीतरी मिसळते. एखादा सूर घुमवते, एखादा गिळून टाकते. मग ते सगळं शिकले. ऐकणाऱ्याच्या खुर्चीशी पेन्सिलीएवढा माइक उभा करायचा, स्पीकरमधून एक सूर खालच्या घुमाऱ्यापासून वरच्या शिटीपर्यंत सरकत न्यायचा, खोलीनं त्याचं काय केलं ते लॅपटॉपवर पाहायचं, आणि खोली जिथं चढवते तिथं उतरवणारा, उतरवते तिथं चढवणारा उलटा हिशेब गाण्याच्या वाटेत बसवून द्यायचा. मग पुन्हा मोजायचं. अपेक्षेची रेष हिरवी, प्रत्यक्षाची तांबडी. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर दुरुस्ती खरी.

दुरुस्ती खरी ठरली की त्या खोलीत भिंतही ती मान्य करायची आणि दोन-चार बोटं मागे जायची. आठ वर्षांत ती चार फूट मागे गेली होती. भिंतीपलीकडे हबीब मुजावर राहायचे. ते जुने रेडिओ दुरुस्त करणारे, आप्पांचे शाळेपासूनचे मित्र. ते चार फूट त्यांच्या घरातून गेले होते.

पण नुसत्या यंत्राच्या भरवशावर आप्पांनी जन्मात कधी शिक्का मारला नव्हता. यंत्र एक आणि माणूस एक, अशा दोन साक्षी त्यांना लागत. माणसाची साक्ष उल्काची. दर तिमाहीला ती पुण्याहून यायची, खुर्चीत बसायची, आणि डावं-उजवं सारखं ऐकू येतं की नाही ते सांगायची. "माझ्या लेकीचे कान म्हणजे सोनाराचा काटा," आप्पा येईल त्याला सांगत.

वयाच्या आठव्या वर्षापासून उल्काला डाव्या कानानं काही ऐकू येत नव्हतं. हे तिनं आप्पांना सांगितलेलं नव्हतं.

त्या बुधवारी सगळं नेहमीसारखं झालं. हबीबकाका लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते.

"बोंद्रे, फ्रिज बंद केलास?"

"केला."

"घड्याळ?"

"सेल काढलाय."

"आणि पोट? मागच्या खेपेला चाळीस हर्ट्झला उंचवटा आला होता तो तुझ्या मिसळीचा."

"मुजावर, आधी तुझ्या कानातली मशिनं काढ. शिट्ट्या मारतायत."

आप्पा डाव्या कोपऱ्यात, स्पीकरला हात लावून उभे राहिले. ती त्यांची ठरलेली जागा. सूर सरकू लागला. आधी उजवीकडून, तो उल्कानं ऐकला. मग डावीकडून, तेव्हा उजवा कान तळव्यानं झाकायचा नियम होता; तो तिनं पाहिला. खालच्या घुमाऱ्याला आप्पांच्या भुवया खाली यायच्या, मधल्या सुरांना ओठ किंचित सुटायचे, आणि शिटी फार वर गेली की ते डोळे मिटून घ्यायचे, कारण वयामुळे तिथलं त्यांना ऐकू येत नव्हतं. तेवढ्यासाठी तर त्यांना तिचे कान लागत. डावीकडचा आवाज उल्काला असा ओळखीचा होता. तो आप्पांच्या चेहऱ्यासारखा दिसायचा.

"सारखं?" आप्पांनी विचारलं.

"सारखं."

भिंत दोन बोटं मागे गेली. पलीकडे हबीबकाकांच्या घरात काहीतरी खणकन पडलं.

"माझी बरणी," हबीबकाका लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाले. "लोणच्याची. तू माझं घर खाल्लंस बोंद्रे, आता लोणचंही खाल्लंस."

आप्पांनी गुडघ्यावर बसून भिंतीच्या पायाशी शिसपेन्सिलीनं तिमाही आणि साल लिहिलं. ती बत्तिसावी खूण. उठताना ते थोडा वेळ भिंतीला हात टेकून तसेच राहिले.

"डावीकडं काहीतरी राहून जातंय असं वाटतंय मला," ते म्हणाले. "रेष बरोबर आहे. तू म्हणतेस तेही बरोबर आहे. तरी राहतंय."

"नाही हो आप्पा. काही नाही राहिलं."

"असेल," आप्पा म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला परतली. गुरुवारी सकाळी, अर्धी दाढी झाली असताना, आप्पा आरशासमोरच गेले.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी सकाळी हबीबकाका टेप घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी चप्पल काढली नाही, आतही आले नाहीत.

"उल्के, माझी खोली वाढलीय," ते म्हणाले. "मला हे बरं वाटत नाही."

दोघांनी मिळून मोजलं. डावी भिंत चार बोटं आत आली होती. पुस्तकांचं कपाट तिनं आपल्यापुढे ढकललं होतं, पण एक पुस्तक पडू दिलं नव्हतं. आप्पांच्या पेन्सिलीच्या खुणा भिंतीबरोबर आत आल्या होत्या.

हबीबकाकांनी आप्पांची वही काढली. सगळ्या मोजण्या आणि नियम आप्पांनी त्यात लिहून ठेवले होते. शिक्का मारणारा जाब द्यायला हजर असेल तोवरच शिक्का चालतो, असं पहिल्या पानावर होतं. त्यानंतर नव्यानं पडताळणी करायची.

"म्हणजे मोजायचं," हबीबकाका म्हणाले. "तुला बसावं लागेल. माझी साक्ष चालत नाही, दोन्ही कानांत मशिनं आहेत. त्यानंच लिहून ठेवलंय. हे बघ, माझं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. मेल्यानं."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही.

पहिली मोजणी शनिवारी झाली. फ्रिज बंद केला, घड्याळाचा सेल काढला. डावा कोपरा रिकामा होता. सूर उजवीकडून गेला. तिनं उजवा कान झाकला; मग डावीकडून गेला असावा. लॅपटॉपवर रेष पुढे सरकत होती म्हणून उल्काला ते कळलं. समोर पाहायला चेहरा नव्हता. हिरवी आणि तांबडी एकमेकींवर बसल्या.

"यंत्राची साक्ष झाली," हबीबकाका म्हणाले, आणि पडद्याजवळ तोंड नेऊन थांबले. "हे काय आहे?"

लॅपटॉप आणखी एक आलेख काढायचा. स्पीकरचा थेट आवाज माइकपर्यंत आल्यावर मागून कशाकशाला आपटून काय-काय परत आलं, त्याचा. भिंतीचा उंचवटा कुठं येतो, छताचा कुठं, हे हबीबकाकांना पाठ होतं. त्यांच्या आधी आज एक छोटा, मऊ उंचवटा होता. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"सहा फुटांवर कुणीतरी उभं आहे. स्पीकरपाशी."

"कुणी नाही, काका."

"मलाही दिसतंय कुणी नाही ते. पण हे लाकूड नाही, कापड नाही. एवढं मऊ परत देतो तो माणूसच." ते वही चाळत मागे गेले. मागच्या बत्तीस मोजण्या त्यांनी लॅपटॉपवर एकेक उघडून पाहिल्या. प्रत्येकीत तो उंचवटा त्याच जागी, तेवढाच होता. "बोंद्रे आहे," ते म्हणाले. "उंची त्याचीच."

उल्का कोपऱ्याकडे पाहत राहिली. तिथं स्पीकर होता आणि स्पीकरच्या डोक्यावर बोटांनी झिजलेला पॉलिशचा एक फिका ठिपका होता.

"आता तुझं," हबीबकाका वहीत पाहून म्हणाले. "सारखं?"

खरं सांगायची ती जागा होती. पण वहीत अकराव्या पानावर एक नियम होता आणि तो उल्काला लहानपणापासून पाठ होता: एक साक्ष खोटी निघाली की तिच्यावरचे मागचे सगळे शिक्के बाद. बत्तीस शिक्के बाद झाले की भिंत आठ वर्षांपूर्वीच्या जागी जाणार. आप्पा त्या कोपऱ्यात उभे राहायला लागले त्याच्याही आधीच्या जागी.

"सारखं," ती म्हणाली.

भिंत दीड फूट आत आली. घाई न करता, भरल्या घरात पाहुणा सरकून बसतो तशी. हबीबकाकांनी मुकाट्यानं पुन्हा मोजलं. उंचवटा साडेचार फुटांवर आला होता. भिंत त्याला पुढे ढकलत होती.

त्या अकराव्या पानाची गोष्ट अशी. उल्का आठ वर्षांची असताना आप्पा जतच्या बाजारात पडताळणीच्या कॅम्पला गेले होते. शनिवारी परतायचे होते. शुक्रवारी त्यांना कळलं, की साक्षीदार म्हणून सही करणारा माणूस वजनं न बघताच सही करत होता. सहीच खोटी, तर शिक्के कसे खरे? आप्पांनी दोनशे सत्तर वजनांचे शिक्के बाद केले, पूर्ण बाजार नव्यानं तपासला आणि आणखी चार दिवस तिथंच राहिले. त्या चार दिवसांत इकडे उल्काला गालगुंड झालं होतं, ताप उतरत नव्हता. आई रोज लेप लावत होती आणि रोज म्हणत होती, उद्या येतील, मग डॉक्टरांकडे नेऊ. ते आले तोवर ताप उतरला होता आणि डावा कान गेला होता.

"त्यांना सांगू नको," आईनं सांगितलं. "त्या चार दिवसांचं ते स्वतःला माफ करणार नाहीत. नोकरी सोडतील."

आप्पांनी दारातच तिला उचललं होतं. "ऐकू येतं ना गं नीट? गालगुंडात कान सांभाळायचे असतात."

"हो," उल्का म्हणाली होती. पुढं आई गेली. ते 'हो' उल्कापाशी राहिलं.

दुसरी मोजणी मंगळवारी झाली. तिला आता नुसतं बसणं जमत नव्हतं. ती डावीकडे, साडेचार फुटांवरच्या रिकाम्या जागेकडे वळून बसली होती.

"मान सरळ," हबीबकाका म्हणाले. "माइकला सावली पडते."

"कशी आहे रेष?"

"रेष चोख आहे. रेषेचं काही म्हणणं नाही. म्हणणं खोलीचं आहे. बोंद्रे होता तोवर ती त्याच्या शिक्क्यावर मान्य करायची." त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "सारखं?"

यावेळी तिनं नियमाचा विचारही केला नाही. तिनं एवढाच विचार केला, की साडेचार फूट फार लांब आहे.

"सारखं."

भिंत दोन फूट आली. उंचवटा अडीच फुटांवर आला. लहानपणी आप्पा पाढे म्हणून घ्यायला बसत ते एवढ्याच अंतरावर. उल्कानं त्या दिवशी चहा करताना दोन कप केले आणि एक कप खुर्चीच्या डाव्या हाताला, जमिनीवर ठेवला. तो गार झाला. साय धरली.

हबीबकाकांच्या घरात आता चटई अंथरता येत होती. आठ वर्षांनी त्यांनी पलंग खिडकीपाशी नेला होता, पण त्यावर ते झोपत नव्हते. "दुसऱ्याच्या घरात पाय पसरल्यासारखं होतं," ते म्हणाले. "बोंद्रे असता तर भांडलो असतो. भांडायला तरी कोण आहे?"

तिसऱ्या मोजणीआधी ते म्हणाले, "खुर्ची उजवीकडं घेऊ या."

"नाही चालत, काका. ज्या जागेसाठी मोजलं त्याच जागी दुरुस्ती खरी. एक वीत हलवली तरी हिशेब चुकतो. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं त्यानं. मी नुसता लॅपटॉप धरायचो." त्यांनी लॅपटॉप बाजूला ठेवला. "उल्के, एक विचारू? तू खोटं बोलतेस का?"

तिनं माइककडे पाहिलं. "आता मोजू या," ती म्हणाली.

सूर सरकला. रेषा एकमेकींवर बसल्या.

"सारखं?" त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"सारखं."

भिंत आणखी दोन फूट आली आणि खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबली. कपाट, दिवा आणि डावा स्पीकर भिंतीनं खुर्चीच्या पुढे नेऊन एका रांगेत उभे केले होते. खुणा खुर्चीच्या पायाशी आल्या होत्या. सगळ्यांत जुनी सगळ्यांत पुसट. हबीबकाकांनी आलेख पाहिला आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. उंचवटा तिच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर होता.

"आणखी एकदा सरकली तर खुर्ची राहत नाही," ते म्हणाले. "खुर्चीतला माणूसही राहत नाही. तुझ्या आणि भिंतीच्या मध्ये जो उभा आहे त्याचं काय होईल, ते मला सांगता येत नाही."

"मग मोजायचंच नाही. असंच ठेवू."

"असंच राहत नाही ते. न मोजताही चार बोटं आली होतीच ना." त्यांनी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. दारापर्यंत जायला त्यांना अंग चोरावं लागलं. "मी पलीकडं आहे. भिंतीला कान लावून बसतो. मशिनं काढून."

शुक्रवारी सकाळी साडेअकराला, शाळेच्या गाड्या जाऊन रस्ता शांत झाल्यावर, उल्का एकटीच खुर्चीत बसली. सूर सुरू करण्याआधी फोन वाजला.

"भिंतीतून हाका मारतोय केव्हाचा," हबीबकाका म्हणाले. "नाव घेऊन. हळू आवाजात."

"नाही ऐकू आलं."

"हातभर अंतरावरून?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "कुठल्या बाजूनं ऐकतेस फोन तू?"

"उजव्या."

"नेहमी?"

"नेहमी."

"बरं," हबीबकाका म्हणाले. "बरं बाई." आणि त्यांनी फोन ठेवला.

तिनं सूर सुरू केला. उजवीकडून तो आला, जमिनीतून वर चढल्यासारखा, मग गळ्यातून, मग दातांतून, मग केसांच्या टोकांतून, आणि गेला. मग डावीकडची वेळ आली. तिनं उजवा कान झाकला, मान सरळ ठेवली. काहीच आलं नाही. डाव्या गालाला मात्र ऊब लागत होती. खोलीत दाढीच्या साबणाचा वास होता, ओला, अर्धवट राहिलेला.

रेषा उमटल्या. हिरवी तांबडीवर बसली. तिनं दुसरा आलेख उघडला. छोटा मऊ उंचवटा शोधायला तिला वेळ लागला, कारण तो वेगळा उरला नव्हता. थेट आवाजाला चिकटून, त्याच्यातच उभा होता. दोघांत केसाचंही अंतर नव्हतं. त्याच्यामागे लगेच भिंत होती, आणि मोजताना ती पाहत असतानाच भिंतीची खूण एक घर आत आली.

आता तिला दोन्ही गोष्टी एकदम ठाऊक होत्या. 'सारखं' म्हटलं तर भिंत येईल, आणि आधी पोचेल ती त्यांच्या पाठीला. खरं सांगितलं तर बत्तीस शिक्के जातील आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यात उभे राहणारे ते. बत्तीस वेळा ते इथं उभे राहिले होते आणि बत्तीस वेळा त्यांनी तिच्या शब्दावर खाली वाकून भिंतीवर साल लिहिलं होतं. काहीतरी राहून जातंय, असं एकदाच म्हणाले होते. आणि तिनं नाही म्हटल्यावर तिच्यावर विश्वास ठेवला होता.

भिंत चार बोटं आत आली. खुर्चीचा डावा हात करकरला. भिंतीच्या आणि तिच्या मध्ये जे काही होतं ते मागे हटलं नाही. त्यानं तिच्यावर भारही दिला नाही. कुणी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात समोर टेकून, मध्ये लेकरू ठेवून उभं राहावं, तेवढी जागा त्यानं तिच्याभोवती राखली होती. भिंतीच्या आतून बारीक कुरकुर येत होती. ती विटांची असेल, किंवा गुडघ्यांची. कुरकुर तिला उजव्या कानानं ऐकू आली.

कुणी काही विचारलं नाही. तिनं माइक बाजूला केला, मान डावीकडे वळवली, आणि जिथं चेहरा असणार तिथं पाहून मोठ्यानं म्हणाली:

"आप्पा, मला या कानानं ऐकू येत नाही. तुम्ही जतला होतात तेव्हापासून. मी तुम्हाला बघत बसायचे, आप्पा. मला सगळं तुमच्याकडं बघूनच कळायचं."